उजव्या कुशीवरची झोप

काचबिंदूचं निदान झालं तेव्हापासून माझा कोणावरच विश्वास उरला नव्हता. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर माल तपासून पास-नापास करत आलो, त्यामुळे संशय अंगात मुरलेलाच. दर वेळी डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "डोळ्यांचं प्रेशर ठीक आहे," आणि तरी उजव्या डोळ्याची नजर कडेकडेने विझत चाललेली. मग खोट कुठे होती? थेंबांत, दुकानदारात, की थेंब घालणाऱ्या सुनेत? एकदा तिला विचारलंच, "अगं, नक्की तेच औषध ना?" तिचा चेहरा उतरला.

देवावरही संशय आलेला. कोपरीतल्या आमच्या घरात पलंगाच्या उजव्या अंगाला दत्तगुरूंची तसबीर आहे. त्यांचं मुख पाहत उजव्या कुशीवर झोपायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. एका सकाळी मी चिडून म्हटलं, "महाराज, रोज तुम्हाला बघत झोपतो, आणि तुम्ही माझी नजरच काढून घेता?"

त्याच दिवशी दवाखान्यात शेजारी बसलेली एक अनोळखी बाई माझ्याकडे निरखून बघत होती. न राहवून म्हणाली, "काका, उजव्या कुशीवर झोपता का?"

मी चमकलो. हिला कसं ठाऊक? औषधं विकणारी असेल, नाहीतर सुनेनेच काहीतरी सांगितलं असेल. "तुम्हाला काय करायचंय?" मी तुटकपणे विचारलं.

"उजव्या गालावर उशीचे वळ आहेत. माझ्या आईला काचबिंदू आहे. तिचा खराब डोळा असाच उशीत दाबला जायचा. डॉक्टरांना सांगून तर बघा."

मनाविरुद्धच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मला आडवं करून प्रेशर मोजलं. ते वाढलेलं होतं, आणि उजव्या कुशीवर वळल्यावर उजव्या डोळ्यात आणखीच. "तुमचं रात्री वाढतं, म्हणून इथे दिवसा बसवून मोजताना कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यांनी थेंब बदलले, पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला सांगितली आणि उजवी कूस बंद केली.

पहिल्या रात्री तसबिरीकडे पाठ करून झोपताना मला रडू आलं. मग डोळे मिटून नुसतं नाम घेत राहिलो.

पुढच्या तपासण्यांमध्ये नजर तेवढीच टिकलेली निघाली. एकदा तिथेच ती बाई आईला घेऊन आलेली दिसली. मी जाऊन विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी तुम्हाला कोणी पाठवलेलं?"

ती हसली. "मला कोण पाठवणार, काका? आईचा नंबर लागत नव्हता, म्हणून बसलेले तिथे."

मी दोघींना हात जोडले. ती बिचारी अवघडली. गेलेली नजर परत येणार नाही, हे मला कळतं. उरलेली किती टिकेल, तेही माझ्या हातात नाही. पण महाराजांना मारलेल्या माझ्या हाकेला ओ कोणाच्या तोंडून यावी, हे ठरवायचा हट्ट मात्र मी आता सोडला आहे.