कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत

आमच्या ऑफिसच्या बसमधला दांडा आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याएवढा उंच आहे. टेप लावून मोजलेलं नाही, पण इतकी वर्षं तो धरून उभी राहिल्यावर एवढं कळतंच. ऑफिसं शहराबाहेर नवा रायपूरला गेली तेव्हापासून ती बस आमच्या गुढियारीच्या थांब्यावर येते ती भरूनच. मग पाऊण तास दांडा धरायचा.

डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं आणि माझा डावा हात खांद्याच्या वर जाईना. लोक म्हणायचे, उजवा आहे की! अहो, उजव्या हातात डबा, पर्स आणि फायलींची पिशवी. सूज येईल म्हणून डाव्याला वजन उचलायची मनाई, म्हणजे दांडा त्यालाच धरावा लागणार. तो धरता आला तर नोकरी, नाहीतर घर. माझ्यापुरता हिशोब इतका सरळ होता.

सुट्टीचे सात महिने संपत आले तसा नवऱ्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज स्वतःच टाइप करून आणला. फक्त माझी सही बाकी. सोमवारी एकतर हजर व्हायचं, नाहीतर अर्ज द्यायचा.

"काहून जीव जाळून राहिली?" तो म्हणायचा. "घरी बस ना आरामात. तुले काय कमी आहे?"

"मम्मी, पापा सही कह रहे हैं," मुलगी बापाची री ओढायची.

माणसं वाईट नव्हती. त्यांनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पण भरली कढईसुद्धा उचलू देत नसत, आणि शेजारणी यायच्या त्या असा बारीक आवाज काढून बोलायच्या की मीच आतल्या खोलीत शेवटचे श्वास मोजतेय. माझं डोकं फिरायचं. मी रोज दोनदा भिंतीसमोर उभी राहून बोटांनी वर चढत जायचे, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. खिळा चार बोटं दूर राहायचा.

आणि हात पोचला तरी दुसरी पंचाईत होतीच. ब्लाउजमध्ये एका बाजूला मी कापूस भरायचे. मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईला कुंकू लावायला हात उचलला, तर कापूस सरकत गळ्याशी आला. ती माझ्याकडे बघायचं टाळत राहिली, आणि तेच मला जास्त लागलं. घरी येऊन मी ढसाढसा रडले. बसमध्ये दांडा धरला की तेच होणार होतं, तेही पन्नास माणसांत.

त्याच आठवड्यात तपासणीला गेले तेव्हा दवाखान्यातली मैत्रीण भेटली. आम्ही वॉर्डात शेजारच्या खाटांवर होतो, केमोचे दिवसही एकच. ती दूरच्या खेड्यातली, शहराच्या टोकाला भनपुरीपर्यंत बसने यायची, मग ऑटो. मी कापसाचं रडगाणं गायले, तशी तिने आडोसा बघून आपल्या ब्लाउजमधून एक पुरचुंडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. जुन्या लुगड्याची पिशवी, आत मोहरी. चांगली जड.

"वजन रइही त ऊपर नइ चघय," ती म्हणाली. वजन असलं की वर चढत नाही.

मग तिला हसू फुटलं. पहिल्यांदा तिने कच्चीच मोहरी भरली होती. धानाच्या रोवणीला तीन दिवस चिखलात वाकलेली, वरून घाम. तिसऱ्या दिवशी टोचायला लागलं म्हणून काढून बघते तर पिशवीच्या कापडातून हिरवे कोंब!

"जाम गे, दीदी!" ती डोळे पुसत म्हणाली. "अब भूँज के भरथंव."

रुजलं म्हणे! आता भाजून भरते. बाकावर बसून आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स डाफरली. सात महिन्यांत मी अशी हसले नव्हते. हसता हसता तिचा डावा हात दिसला. कोपरापासून खाली सुजून टम्म झालेला, बांगडी कातडीत रुतलेली.

"डॉक्टर ने मना किया था ना?" मी जवळजवळ ओरडलेच.

"डॉक्टर आही का रोपा लगाए बर?" तिने शांतपणे विचारलं. रोवणी करायला डॉक्टर येणार आहे का?

मला घरात कोणी काही उचलू देत नव्हतं आणि तिला कोणी काही खाली ठेवू देत नव्हतं. मला लाज वाटली, आणि संतापही आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. तिला आत नेलं. साबण लावून बांगडी काढवली, हातावर पट्टी कशी गुंडाळायची ते नर्सला तीनदा करून दाखवायला लावलं, आणि माझ्याकडची जास्तीची पट्टी तिच्या पिशवीत कोंबली. ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

घरी येऊन भिंतीला लागले. दिवसातून दोनदाचं पाचदा केलं. खांदा ठणकायचा, दात आवळून एक बोट आणखी वर. रविवारी मधल्या बोटाचं टोक खिळ्याला टेकलं.

सोमवारी सकाळी मंद आचेवर मोहरी भाजायला घेतली. वासाने नवरा स्वयंपाकघरात आला.

"सकाळी सकाळी कशाची फोडणी देऊन राहिली?"

मी जुन्या पातळाची पिशवी शिवून ठेवली होती. तोंड अरुंद होतं, म्हणून कागदाचं नरसाळं करून मोहरी ओतत होते. त्याने कागद ओळखला. त्यानेच टाइप केलेला. मग ओट्यावरून माझा डबा घेतला आणि त्यात पोळ्या भरू लागला.

बस नेहमीसारखी भरून आली. मी डाव्या हाताने दांडा धरला. खांद्यात कळ गेली, पण मोहरीची पिशवी जागची हलली नाही. आमच्याच विभागातला एक बाबू मला बघून धडपडत उठला.

"दीदी, बैठ जाइए ना!"

"आप बैठो भैया," मी म्हटलं. "सात महीने बैठी ही थी."