ऐकलेला पंप

आमचे मालक नाथाजीराव पंप बघत नसत, ऐकत. कुपवाडच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंप तयार झाला की तो हौदावर चालू करायचा. मालक स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. आम्ही अकरा जण निकाल लागायची वाट बघत उभे. मग ते "व्हय" म्हणत, नाहीतर "न्हाई". व्हय म्हटलं की पंपावर खडूने बरोबरची खूण करायची आणि मगच तो विकायला काढायचा.

हा कान त्यांनी फौजेत कमावला होता. वडूजच्या कोरडवाहू घरातला, सातवी नापास झालेला हा गडी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करता करता नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायला शिकला. पेन्शनीत निघाल्यावर सरळ घरी जायचं, तर याने कुपवाडात शेड भाड्याने घेतली. पाच-सहा वर्षांत आसपासचे ऊसवाले, द्राक्षवाले दारात उभे राहू लागले. आल्याआल्या किंमत कोणी विचारत नसे. "मालकांनी ऐकलाय न्हवं?" हा पहिला प्रश्न. मालकांना तो इतका आवडायचा, की ऐकू न आल्यासारखं करून ते तो पुन्हा विचारायला लावायचे. एरवी त्यांना टाचणी पडलेली ऐकू येई.

शहात्तर साली वडूजहून त्यांच्या पत्नीचा, साळूबाईंचा निरोप आला, की आता पुरे, घरी या. सगळ्या शेडला धाकात ठेवणारा हा माणूस त्या एका निरोपावर मुकाट्याने पेटी भरू लागला. कारखाना त्यांनी फोरमन भाऊसोच्या हाती दिला. जाताना म्हणाले, "काय अडलं तर कळवा. अडंलच."

आणि अडलंच. भाऊसो कामाला वाघ. मोटारीचं वाइंडिंग, बेअरिंगची बसवण, सगळं वर्षानुवर्षं त्याच्याच हातचं. पण स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला की त्याचा चेहरा पडायचा. "तात्याबा, मला समदं सारखंच ऐकू येतंय रं," तो मला म्हणाला. मी स्टोअरकीपर, मी काय सांगणार? गिऱ्हाइकं यायची, पंप मालकांनी ऐकलेला नाही हे कळलं की चहा पिऊन जायची. महिन्याभरात बावीस पंप शेडमध्ये बसून राहिले. कारखाना दिवाळी बघत नाही असं जो तो बोलू लागला. आम्हा अकरा जणांना दुसरं कामही दिसत नव्हतं. मला तर खरंच भीती वाटायला लागली होती.

तेव्हा अक्कल लढवली ती मीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही. दर मंगळवारी टेम्पोत पंप भरून शंभर किलोमीटरवर वडूजला धाडायचे, मालकांनी आपल्या विहिरीवर लावून ऐकायचे, खूण करून परत पाठवायचे. मालकांनी उलट टपाली होकार कळवला. गिऱ्हाइकं परत आली. काही जण तर वडूजहून आलेला पंप म्हणून मिरवायलाही लागले. एकटा भाऊसो गप्प झाला होता. "पंप आमी करायचा आन् पास व्हायला त्यानं घाट चढून जायाचं," एवढंच तो एकदा बोलला. मी त्याला समजावलं, की पोटासाठी काय काय करावं लागतं. समजावताना माझी मलाच लाज वाटत होती.

चार महिन्यांनी, मालकांना भेटून बरेच दिवस झाले म्हणून, मीही टेम्पोत बसून गेलो. मळ्यात पंप उतरवले. साळूबाई घरातून आल्या आणि पाटीवर रेघोट्या ओढाव्यात तशा आठही पंपांवर भराभर खुणा करून मोकळ्या झाल्या.

मी म्हणालो, "आवं वहिनी, मालकांनी ऐकाय नकोत का?"

"कशावर ऐकत्याल? हितं दिवसाची लाइट कवा असती? टेम्पो आला त्या पैल्या मंगळवारापास्नं मीच मारतीया. त्यांनीच सांगितलंय."

एवढ्यात मालक शेतातून आले. मला बघून जरा चपापले. पाणीसुद्धा न विचारता म्हणाले, "तात्याबा, माघारी किती आलं?"

चार महिन्यांत आम्ही शंभरावर पंप विकले होते. मला थोडं खोटं बोलता आलं असतं. पण एक जरी माघारी आला म्हटलं असतं, तर हा गडी उद्याच पेटी घेऊन कुपवाडात हजर झाला असता.

"एक बी न्हाई, मालक."

ते बाजेवर बसले. मग हळूच म्हणाले, "दर मंगळवारी वाट बघत हुतो. भाऊसोचा हात चांगला हाय, मला ठावं हाय. पर एक तरी माघारी याला पायजे हुता रं."

साळूबाई मात्र हात झटकत म्हणाल्या, "सतरा वर्सं फौजंत हुता, अकरा वर्सं कुपवाडात. हितलं काय बंद पडलं का तवा?"

"मग मला कशाला बलावलंस?" मालक चिडून म्हणाले.

"काय चालवाय न्हाई बलावलं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.