कुंकू लागलेला मोबाइल

पाकीट हरवल्याची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलो होतो. माझ्या पुढच्या बाईंनी टेबलावर मोबाइल ठेवला. त्याच्या कव्हरवर कुंकवाचं बोट होतं. लक्ष्मीपूजनाला त्यांनी चौरंगावर तोच मांडला होता, कारण सगळी पुंजी क्रिप्टोच्या ॲपमध्ये होती. आता ते ॲप उघडतच नव्हतं.

“कंपनीचं ऑफिस कुठं?” हवालदारांनी विचारलं.

“ऑफिस नाही म्हणे, साहेब. मालकही कुणी नाही.”

“मग बाई, गुन्हा नोंदवू कुणावर? आणि कुणाच्या हद्दीत?”

माझं डोकंच फिरलं. मालक नाही, हीच म्हणे या धंद्याची थोरवी! गिळायला मात्र कुणीतरी असतंच. आणि आमचं सरकार? याच धंद्यातल्या नफ्यावर कर घेताना त्याला कुठली हद्द आडवी येत नाही. बुडालेल्या माणसाने दार ठोठावलं, की कायदा अजून व्हायचाय.

माझं फाटकं पाकीट ठाण्याच्याच हद्दीतल्या बसस्टँडवर हरवलेलं, म्हणून त्याची तक्रार लगेच घेतली गेली. बाईंचा मोबाइल हवालदारांनी परत दिला आणि बोटाला लागलेलं कुंकू टेबलाच्या कडेला पुसलं. बाईंच्या तक्रारीची त्या ठाण्यात तेवढीच नोंद झाली.