डाव्या हातानं दिलेला चहा

पिंपळगाव रेणुकाईचे कचरू आबा कुणाच्या हातून चहाचा कप घेत नाहीत. समोर खाली ठेवायला सांगतात आणि मग स्वतः उचलतात. "आबाला म्हातारपणी सोवळं लागलंय," अशी गावात थट्टा होते. आठ वर्षं हे असंच चाललं आहे.

आबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. सहा एकरांत मका आणि मिरची घेतात. पण भोकरदन तालुक्यात त्यांचं नाव आहे ते बैठकीमुळे. सासरी मार खाऊन मुलगी माहेरी निघून आली, की दोन्हीकडची माणसं ओसरीवर जमतात आणि मध्यस्थ बोलावतात. पंचवीस वर्षं आबा असे मध्यस्थ होते. पद्धत ठरलेली असे. आधी सासरचे बोलणार, मग माहेरचे. 'यापुढे हात उचलणार नाही' असं जावयाकडून शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून घ्यायचं. सगळं उरकल्यावर मुलीला आतून बोलवायचं आणि भरल्या ओसरीत विचारायचं, "नांदायचं ना?" मुलगी मान हलवी. पंधरा दिवसांनी मध्यस्थानं तिच्या सासरी जाऊन चहा पिऊन यायचा. चहा हे निमित्त, मुलगी कशी आहे ते पाहायचं.

मीना आबांच्या चुलत भावाची मुलगी. तिला जाफराबादकडे दिली होती. दुसऱ्यांदा माहेरी आली तेव्हा आबांनीच बैठक बसवली, कागद करून घेतला आणि तिला रिक्षात बसवलं.

"आबा, तुम्ही याल ना?" तिनं रिक्षातून विचारलं.

"पंधराव्या दिवशी बराबर येतो."

आबा पंधराव्या दिवशी गेले. सासऱ्याशी मक्याच्या भावाचं बोलणं चाललं होतं. मीना चहा घेऊन आली. तिचा उजवा हात पदराखाली होता. कप तिनं डाव्या हातानं पुढे केला.

"अगं माय, उजव्या हातानं द्यावा. माहेरचं नाव खराब करती का?" आबा हसून म्हणाले.

सासू खूश झाली. "तुम्हीच सांगा बरं. आमचं कोण ऐकतंय!"

मीनानं पदराखालून उजवा हात काढला आणि कपाला नुसता टेकवला. "घ्या आबा," म्हणाली. निम्मा चहा बशीत सांडला. आबांनी तो बशीनंच प्यायला आणि ते परत आले. पोरीचं बरं चाललंय, असा निरोप त्यांनी चुलत भावाला दिला.

त्यानंतर अकराव्या दिवशी मीना शेतातल्या विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. शवविच्छेदनात उजवं मनगट मोडलेलं निघालं. ते दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं होतं आणि प्लास्टर झालेलं नव्हतं. बैलानं हिसका दिला होता, असं सासू म्हणाली. यापुढे काही सिद्ध झालं नाही. जावयाचा स्टँपपेपर आबांच्या ट्रंकेत आहे. खालची सही वळणदार आहे.

दोन वर्षं आबा कुठल्याच बैठकीला गेले नाहीत. पुन्हा जाऊ लागले ते एका अटीवर. त्यांच्या पत्नी तुळजाबाई आधी मुलीशी एकट्या बोलतील. तिची आईसुद्धा खोलीत नको. त्या बाहेर येईपर्यंत ओसरीवर कुणी विषय काढायचा नाही. तुळजाबाई चौथी शिकल्या आहेत. भोकरदनला महिलांच्या एका शिबिरात घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी पाहणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंनी काय काय विचारायचं ते सांगितलं होतं. जिवे मारायची धमकी देतो का? एकटीला बाहेर जाऊ देतो का? कधी गळा दाबला का? ज्या नवऱ्यानं एकदा गळा दाबला, त्याच्या घरात बाईच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका, हे बाईंनी दोनदा सांगितलं होतं. तुळजाबाईंनी तेवढं पाठ करून ठेवलं.

या जानेवारीत गावातल्या संपतनं आबांना बोलावलं. त्याची मोठी मुलगी शीतल जालन्यातल्या मस्तगड भागातल्या सासरहून निघून आली होती. धाकटीला पाहायला आठ दिवसांनी पाहुणे येणार होते. मोठी घरात बसलेली दिसली तर सोयरीक मोडेल, म्हणून तिला बैठकीच्याच दिवशी परत पाठवायचं संपतनं ठरवलं होतं. जावई मिथुन जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानात कामाला आहे. तो आई केशरबाईला घेऊन आला होता. कागद टाइप करूनच आणला होता, फक्त सही राहिली होती.

शीतल चहा घेऊन आली. आबांनी आधी तिचे हात पाहिले. कप उजव्या हातात होता. मनगटं सरळ होती, बोटं चालत होती, हातांवर कुठं वळ नव्हता.

"मला एकदम हलकं वाटलं," आबा आता सांगतात. "म्हणलं, ही जाऊ शकती."

तुळजाबाई आत गेल्या. अर्ध्या तासानं बाहेर आल्या आणि आबांना गोठ्याकडे घेऊन गेल्या.

"पोरगी नांदायला जाते म्हणून राह्यली," त्या म्हणाल्या. "पण तिचा आवाज ऐकला का तुम्ही?"

"ती बोललीच कुठं?"

"बोलताच येत न्हाई तिला, नुसती कुजबुजती. आई म्हणती, गारठ्यानं घसा बसला. मंग मी दार लावून इचारलं. तीन दिवस झाले, पाणीबी गिळता येत न्हाई. त्यानं दोन्ही हातांनी दाबल्ता."

आबा ओसरीवर परत आले. "पोरगी आज जाणार न्हाई," ते उभ्यानंच म्हणाले.

मिथुननं खिशातला पेन काढला. "आबा, मी लिहून देऊन राह्यलो ना. आत्ता सही करतो."

"सही माझ्याकडं एक पडून हाय."

"आठ दिवसांवर पाहुणे आलेत," संपत म्हणाला. "तुमचं काय जातंय? घर माझं बसतंय."

केशरबाई पुढे सरसावली. "मोठा न्यायाधीश लागून गेला! सोताच्या भावाच्या पोरीचं काय केलं, ठाऊक हाय सगळ्या तालुक्याला."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तेच सांगून राह्यलो बाई," ते म्हणाले. "मी धाडल्ती."

त्याच दुपारी शीतलला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. या वेळी आबा स्वतः गाडीत बसले, तुळजाबाई मागं शीतलजवळ. संपत आला नाही. डॉक्टरांनी गळ्यावरच्या खुणा लिहून घेतल्या. दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज झाला, आणि पुढं मिथुननं तिच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा आदेश निघाला. धाकटीची सोयरीक मोडली. संपत आबांना रस्त्यात टाळतो. बैठकीची बोलावणी आता फारशी येत नाहीत. आबा मुली माहेरी ठेवून घ्यायला शिकवतात, असं लोक म्हणतात.

आबांना त्याचं विशेष काही वाटत नाही. त्यांना दुसरंच छळतं. "मी हात बघत बसलो," ते म्हणतात. "मीनाचा हात. शीतलचं मला बिलकुल दिसलं न्हाई. तुळजा आत गेली नसती, तर हिलाबी मीच गाडीत बसवलं असतं."

मागच्या महिन्यात शीतल त्यांच्याकडे आली होती. तुळजाबाईंनी चहा टाकला, शीतलनं बाहेर आणला. आबांनी खाली ठेवायला सांगितला. तिनं ठेवला आणि ती आत जायला वळली.

"थांब," आबा म्हणाले. "काहीतरी बोल."

"काय बोलू आबा?"

"काहीबी."

शीतलला हसू आलं. "चहा गार होऊन राह्यला, आबा."

आवाज थोडा जाड होता. आबांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.