अक्काच्या माशांना मोगऱ्याचं खत

अक्का लग्न होऊन तंजावरला गेली आणि मद्रासच्या घरातली तिची काचेची टाकी माझ्या गळ्यात पडली. चार मासे आणि थोडं पाणगवत. महिन्याभरात गवताच्या जुन्या पानांना भोकं पडायला लागली, कडा पिवळ्या! मी धावतच जॉर्ज टाउनच्या बाजारात गेलो.

खतवाला म्हातारा म्हणाला, "भोकं ना? मग पोटॅश घे. नायट्रोजन माशांच्या घाणीतून मिळतोच."

"किती दिवसांत हिरवं होईल?"

"लागेल महिना."

एवढा धीर कुणाला! अम्माचा मोगरा अमोनियम सल्फेटने, म्हणजे नायट्रोजनच्याच खताने, आठवड्यात हिरवागार व्हायचा. मी तेच घेतलं, आणि कुंडीत घालतो तसं चमचाभर टाकीत टाकलं. संध्याकाळी मासे वर येऊन तोंड वासायला लागले. मी दोनदा पाणी बदललं, पण एकही वाचला नाही.

"अय्यो, ते कुंडीचं खत रे! मातीत चालतं, पाण्यात माशांना विष!" अम्मा कपाळाला हात लावून म्हणाली.

आठवड्याने अक्काचं पत्र आलं. "मासे कसे आहेत? इथे बोलायला कुणीच नाही रे." मी तीनदा कागद घेतला, तीनदा फाडला. गवत खरंच हिरवं झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.