पुन्याला जाऊन बघितलेली शालन

सत्त्याहत्तर साली आमच्या सोलापुरात टीव्ही कुटला? तरी गल्लीत जो तो सांगायचा, शालन टीव्हीत लई झ्याक दिसती म्हनून. बघितलं कुनीच न्हाय, पर सांगायला समदे पुढं!

शालन माज्या भावाची, कुंडलिकची पोरगी. पंधरा वर्साची. शाळेच्या नाटकात तिला बघून मुंबईच्या एका साहेबानं मालिकेत घेतली, बँकेतल्या मोठ्या साहेबाची धाकटी लेक म्हनून. महिन्यातनं दोनदा मीच तिला रेल्वेनं न्यायची. बाकीचं दिस शाळा, पानी भरनं, भाकरी, आन् बापाचा डबा घिऊन अक्कलकोट रोडच्या कारखान्यात. तितं बापाच्या मागावर चादरीचा धागा तुटला की हीच फटदिशी गाठ मारायची.

आता साहेब म्हनला, वर्सभर मुंबईतच ऱ्हाऊ द्या, माज्या बहिनीकडं, शाळाबी तितंच. कुंडलिक बिथरला.

"अक्का, काल पोरगी मला म्हनली, आप्पा, आपण जेवलात का? मी काय पावना हाय व्हय? परकी झाली ती! आदी डोळ्यानं बगतो, मग सांगतो."

शालन दोन दिस धड जेवली न्हाय. मला तर तिची लई कीव आली, आन् भावाचा रागबी.

मग आमी तिघं पुन्याला माज्या नंदेकडं गेलो. तिच्या शेजारनीच्या घरात टीव्ही. पन्नासभर मानसं दाटीवाटीनं बसलेली. शालन मागं दाराशी, मान खाली घालून.

पडद्यावर आमची शालन, परीक्षेत नापास झालेली पोरगी म्हनून, पलंगावर बसून रडत हुती. बोलनं पार पुन्याचं. कुंडलिक दात खाऊन बघत हुता. मला वाटलं, झालं, बुडालं पोरीचं!

तेवड्यात बघते तर काय, पलंगावरच्या चादरीचा एक धागा तुटून वर आलेला. पोरगी रडता रडता, खाली न बघता, दोन बोटांत टोकं धरती, गाठ मारती आन् अंगठ्यानं दाबून सारखी करती. शूटिंगला तिला असलं काय सांगितलेलं न्हवतं. मी हुते की तितं!

कुंडलिक ताडकन उठला. "अक्का, गाठ बघितली का? माजी गाठ हाय ती!"

"अहो, खाली बसा, दिसत नाही," शेजारीन वरडली. हा कसला बसतोय!

संपल्यावर शालननं भीत भीत इचारलं, "आप्पा, जाऊ का नगं?"

"जा," त्यो म्हनला. "पर साहेबाला सांग, चादर बदल म्हनावं. सोलापूरच्या पोरीला असली भिकार चादर देत्यात व्हय?" आन् डोळं पुसाय लागला.

आठ दिसांनी मी तिला मुंबईला सोडून आले. दुसऱ्या दिवशी डबा घिऊन कारखान्यात गेले. कुंडलिकच्या मागावर धागा तुटला. मान वर न करता त्यानं हाक मारली, "शाले, गाठ मार गं."

मला कुटं येती ती गाठ? माग बंदच ऱ्हायला.