झोपमोडीची वही

गल्लीत कुणाला वेळ विचारायची असली, तर ते घड्याळजींना विचारत आणि पस्तावत. ‘साडेदहा झाले’ असं सुटसुटीत उत्तर या माणसानं जन्मात दिलं नव्हतं. ‘दहा एकोणतीस, वर चाळीस सेकंद’ असं म्हणून ते विचारणाऱ्याच्या मनगटाकडे असं काही बघत, की तो बिचारा हात खिशात घाली. खाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर घर आणि घरावर पत्रा. पत्र्यावरचं आकाशही आपल्याच मालकीचं आहे, असा त्यांचा गेल्या वर्षापर्यंत समज होता.

मग कुणा हुशार कंपनीच्या डोक्यात आलं, की लोकांना हे शहर वरून दाखवावं. खालून बघण्यासारखं फारसं नाहीच, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पहिलं हेलिकॉप्टर, नंतर संध्याकाळपर्यंत दर वीस मिनिटांनी एक. वाट नेमकी घड्याळजींच्या पत्र्यावरून, कारण तिथून नदीचं वळण फोटोत छान येतं. पत्रा थडथडे, टेबलावरचे स्क्रू उड्या मारत, आणि वरच्या खोलीत बायको उठून बसे.

बायको इस्पितळात नर्स, तीही कायम रात्रपाळीची. सकाळी आठला घरी येऊन नऊला आडवी व्हायची. आता तिच्या झोपेचं रोज तासाभरात खोबरं होई. तिनं तक्रार केली नाही, पण एका सकाळी चप्पल काढता काढता एवढंच म्हणाली, “काल सहा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन नऊ नंबरला देणार होते. सुई टोचायच्या आत लक्षात आलं.”

घड्याळजी मनातून हादरले. त्याच दिवशी ते सरकारी तक्रार कक्षात गेले. तिथल्या साहेबांनी मान वर न करता नियम सांगितला, “आवाजाची परवानगी आहे. वेळापत्रक मोडलं तर बोला. एक मिनिटापेक्षा जास्त उशीर, घरातल्या दोघांच्या सह्या. मग मार्ग बदलायला लावू.”

घड्याळजींना गगन ठेंगणं झालं. वेळेच्या बाबतीत त्यांच्याशी कोण पंगा घेणार? घरी येऊन त्यांनी वहीत रकाने आखले. तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ सेकंदासह, आणि शेवटचा रकाना ‘झोपमोड कोणामुळे’. तिथे ते दर ओळीला न कंटाळता ‘हेलिकॉप्टर’ असं पूर्ण लिहीत. खुणेवर काम भागवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तीन महिने त्यांनी डोळ्यांत तेल घालून ही वही भरली.

सुनावणीला कंपनीचा टायवाला माणूस आला होता. साहेबांनी वही चाळली आणि विचारलं, “यात उशीर कुठे आहे?”

“उशीर नाहीच,” घड्याळजी छाती काढून म्हणाले. “फार तर वीस सेकंद मागेपुढे.”

“तुमचं घड्याळ चुकत असेल.”

पळवाट अशी ताटात वाढून आली होती. नुसतं ‘असेल’ म्हणायचं होतं, घड्याळ मागे धरून वीस सेकंदांचं मिनिट साहेबांनी करून घेतलं असतं. पण घड्याळजींचा चेहरा लाल झाला.

“माझं घड्याळ? चुकत नाही, साहेब.”

तक्रार तिथेच निकालात निघाली. टायवाल्यानं हसत वहीचे फोटो काढून घेतले. पंधरा दिवसांत गल्लीच्या तोंडावर फलक लागला, ‘तीन महिन्यांत एका मिनिटाचाही उशीर नाही. खात्री खुद्द घड्याळजींची.’ लोक आता हेलिकॉप्टर आलं की घड्याळं लावून घेऊ लागले. घड्याळजींना वेळ विचारायचं कुणाला कारणच उरलं नाही.

बायकोनं फलक येता-जाता वाचला. “एकदा ‘असेल’ म्हणाला असता, तर काय काटे गळून पडले असते?” एवढंच ती म्हणाली. घड्याळजींना ते लागलं. तिच्यासाठी एक तरी उशीर पकडायचाच, असा त्यांनी चंग बांधला, आणि वही पुन्हा उघडली.

आणि एके दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी आकाशात काहीच आलं नाही. दहा अकराला नाही, दहा बाराला नाही. घड्याळजींनी वहीत आपली सही ठोकली. दहा तेरा झाले तसे ते वही काखेत मारून दोन-दोन पायऱ्या चढत वर धावले.

बायको गालाखाली हात घेऊन गाढ झोपली होती. इतकी शांत झोपलेली ती त्यांना कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. त्यांनी तिला गदागदा हलवलं.

“अगं ऊठ, ऊठ. आलं नाही.”

“कोण?” ती दचकून बसली.

“हेलिकॉप्टर. चार मिनिटं उशीर. मी केली सही, आता तुझी पाहिजे.”

 पत्र्याकडे कान देऊन तिनं ती शांतता ऐकली. “द्या वही,” ती म्हणाली.

तिनं उशाचं मनगटी घड्याळ पाहिलं, त्यांच्याच हातचं दुरुस्त केलेलं. मग सावकाश एक ओळ लिहिली, खाली सही केली, वही त्यांच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दहा चौदा, वर वीस सेकंद, असं तिनं लिहिलं होतं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नवरा’.

घड्याळजींनी सवयीनं वेळ ताडून पाहिली. नोंद बरोबर होती.